अडीच मिलिमीटर

प्लिमथच्या धक्क्यावर कोळी जाळी सांधत बसतात.
त्यांना काय ठाऊक, मराठीत
त्यांच्याच नावाची एक जमात
मैलभर वर, बंद पडलेल्या चुनखाणीत राहते.
तिळाएवढी. रंग जरा करपलेल्या साखरेचा.
जगात आणखी कुठेही नाही, असं म्हणतात,
म्हणजे अजून कुणी शोधलेलं नाही.

टॅमझिन येओ रात्री दहाला फाटकाची साखळी काढते.
कपाळावर दिवा, गुडघ्यांना रबरी वाट्या.
दगड उचलते, बघते, ठेवते
होता तसा, त्याच कुशीवर.
सतरा रात्रींत मिळालं ते एवढं:
गोगलगायी, घोणी, बाटलीचं बूच,
कुणाचा तरी दुधाचा दात.

म्हातारा लस्कम कुंपणाशी कुत्रं फिरवतो.
"चाळीस वर्षं सुरुंग लावले मी इथं.
आणि आत कुणी राहत होतं म्हणतेस?"
मग बराच वेळ गप्प.
कुत्रं घराकडे ओढ घेतं.

इथं घरं व्हायची आहेत. चोपन्न.
नकाशात खिडक्या काढून झाल्यात, खिडक्यांत कुंड्यासुद्धा.
यादीत बत्तिसावं नाव तिच्या बहिणीचं, रोझेनाचं.
तिच्या भाड्याच्या खोलीत भिंतीला घाम फुटतो
आणि धाकटा रात्रभर खोकतो.

अठराव्या रात्री ती दिसली.
दगडाच्या पोटाखाली, टपालाच्या तिकिटाएवढं जाळं,
त्याला खालून उलटी लटकलेली.
टॅमझिनचा श्वास लागला, तेवढ्यानं
सगळं घर हललं.

नुसतं पाहिलं म्हणून चालत नाही.
कुपीत हवी, अल्कोहोलात बुडवलेली,
सूक्ष्मदर्शकाखाली उताणी.
मेली तरच सरकारदरबारी जिवंत.
आणि नाहीच सापडली म्हटलं,
तर कुणाला कळणार आहे?

कुपीचं झाकण निघालेलं आहे.
खोकला इथवर ऐकू येणं शक्य नाही,
तरी ती कान देते.
कोळिणीनं एक पाय उचलला,
धागा चाचपला,
परत ठेवला.
शेजारी काही हललं का, एवढीच चौकशी.

टॅमझिनच्या गुडघ्याला रग लागली आहे.
दगड अजून डाव्या हातात,
मघापेक्षा जड.