किल्लीतला कागद

रात्रपाळी संपली तेव्हा एर्देनेतमध्ये उणे एकतीस.
इस्पितळाच्या आवारात माझी प्रियस
काचांवर दहिवर ओढून बसलेली,
आणि मी किल्लीचं बटण दाबतेय,
दाबतेय,
जागा बदलून बदलून नाडी शोधावी तशी.
गाडी ओळख देईना.

पहारेकरी लुवसान खोपटातून बाहेर आला,
तोंडापुढे स्वतःचीच वाफ.
म्हणाला, "काखेत धर. कोकरासारखी."
दोन स्वेटरांच्या आत ती गारठलेली वडी
बरगडीला लागली आणि मी शहारले.
सत्तरपर्यंत मोजलं.
काढली, तर ठिपक्याएवढा लाल दिवा लुकलुकला,
एकदाच,
मग त्यानेही मान टाकली.

"पोटात लोखंड असेल," लुवसान म्हणाला. "असतंच."
आणि खरंच,
कडेची खिट्टी नखाने सरकवली तर आतून निघाली
एक साधीसुधी, खाचेची, मुकी किल्ली.
तीन वर्षं खिशात वागवली
आणि मला पत्ता नाही.

दार उघडलं, तशी गाडी बोंबलली.
वरच्या खिडकीत दोन पेशंट आले, त्यातल्या एकाला
अंथरुणातून उठायची मनाई होती.
"ब्रेकवर पाय. किल्लीची पाठ बटणाला टेकव.
घाई नको," लुवसान सांगत होता,
"कमी दिसणाऱ्याच्या डोळ्याशी चिठ्ठी धरतात तशी."
टिंग.
दिवे लागले, आणि गाडी जपानीत
तिचं ते एक वाक्य बोलली.

रोज बोलते.
बंदर, आगगाडी, सीमा ओलांडून आली
तरी तिचं म्हणणं तेच.
इथे कोणाला कळत नाही.
माझा मुलगा म्हणतो, ती विचारते, जेवलीस का.

येतायेता बॅटरी घेतली, सोळा-बत्तीस
(दुकानदार वीस-बत्तीस खपवत होता,
"एकच आहे हो, जराशी जाड").
चौथ्या मजल्यावर, स्वयंपाकाच्या टेबलाशी,
बोथट सुरीने किल्लीची शिवण उसवली.
आतलं झाकण उचललं तर बॅटरीच्या पाठीवरून पडला
नखाएवढा कागद, चार घड्यांचा.
वर निळ्या शाईत दीड अक्षर. जपानी.
बाकीचं घडीच्या आत.
कचरा, म्हणून बशीत टाकला.

पट्ट्या खोडरबराने पुसल्या.
चकती कडेने धरली, अधिक-उणे पाहून बसवली.
बंद केली. दाबली.
नाही.
पुन्हा उघडली. उलटी घातली, सुलटी घातली.
पाकिटातली दुसरी फोडली.
नाही.
शेवटी कानाशी धरून हलवली:
आत काहीतरी खुळखुळत होतं,
मोठ्या बुटात लहान पाय.

तेव्हा बशीकडे पाहिलं.

म्हणजे तिथे, समुद्राकाठी की डोंगरात,
कोणीतरी असंच टेबलाशी बसलं होतं,
असंच हलवून ऐकलं होतं,
आणि हाताशी आलेल्या कशाचा तरी,
बिलाचा, यादीचा, न टाकलेल्या पत्राचा,
एक तुकडा फाडून
दिला होता टेकू.
मग गाडी विकली. टेकूचं सांगायचं राहिलं.
किंवा सांगितलंही असेल,
आणि ते वाटेत कुठल्यातरी बंदरात उतरलं.

उलगडून बघावं असं फार वाटलं.
आमच्याकडे एक डॉक्टरीण आहे, ओसाकाला शिकलेली,
तिने दोन मिनिटांत वाचलं असतं.
पण उलगडल्यावर तीच जाडी
पुन्हा बसली नसती.

चिमट्याने होता तिथे ठेवला.
झाकण. टक्.
खिडकीवरचं बर्फ खरवडून, चार मजले खाली,
दाबून पाहिलं.
पांढऱ्यात पांढरी, ओळखू येत नव्हती ती,
डोळे मिचकावले तेव्हा आली.

संध्याकाळी पाळीला निघाले.
गाडी तिचं वाक्य बोलली.
"जेवले," मी म्हणाले.