पाचव्या चर्चची किल्ली

नॉर्फकात घडायला दगड नाही, म्हणून
शेतातल्या गारगोट्या वेचून भिंती उभ्या केल्या इथल्या लोकांनी.
कोपऱ्यांना तर दगडच हवा,
म्हणून मनोरे गोल.
विनिफ्रेड हे सांगते तेव्हा तिची काठी हवेत एक वाटोळं काढते
आणि आम्ही वर बघतो.

आम्ही चौघं. तीन दिवस, नऊ चर्चं.
विनिफ्रेड पास्क, वय एकोणऐंशी, खिशात पेन्सिलीनं केलेली यादी:
कुठल्या चर्चची किल्ली कुणाच्या घरी.
डेस्मंड: देवावर विश्वास नाही, पाकोळ्यांवर आहे,
प्रत्येक वळचणीखाली थांबून मोजतो.
त्याची बहीण आयरिस, चालताना बोलत नाही. बसल्यावरही नाही.
आणि मी, मूळची संगमनेरची, सध्या लेस्टर,
डाव्या टाचेला रुपयाएवढा फोड.

तुझा देव कुठला, हे कुणी विचारलं नाही.
सँडविचात अंडं चालेल का, एवढं विचारलं.

पहिल्या चर्चमध्ये गुडघे टेकायच्या उशा,
त्यांवर गावातल्या बायकांनी भरलेले
नांगर, कोंबडे, एक लाल ट्रॅक्टर.
दुसऱ्यात वटवाघळं; वेदीवर प्लॅस्टिक अंथरलेलं.
तिसऱ्यात खिडकीतल्या संताचं डोकं कधी तरी फुटलं होतं,
तिथे साधी काच बसवलेली.
आज त्याच्या खांद्यांवर एक ढग होता.
चौथं मला आठवत नाही. टाच आठवते.

पाचवं बार्लीच्या शेतात, एकटंच.
गाव प्लेगानं उठवलं की मेंढ्यांनी हाकललं
यावर विनिफ्रेड आणि डेस्मंडचं कुंपणापासून भांडण.
मिसेस थर्टल पिठाच्या हातांनी बाहेर आल्या,
खुंटीवरची किल्ली काढून दिली,
आमटीच्या पळीएवढी, गंजून तांबूस.
"खांदा लावून फिरवा. दार रुसकं आहे."

मीच लावली. खांदा दिला, श्वास धरला.
किल्ली फिरली.
आत कुठे तरी लोखंड लोखंडाशी हळूच बोललं
आणि आठशे वर्षांचा गारवा
पोटऱ्यांना येऊन बिलगला.

आत फारसं नव्हतंच काही.
बाकं, ओल, मेणबत्तीचं थोटूक,
आणि दोऱ्यानं पेन बांधलेली वही.
शेवटची नोंद सतरा दिवसांपूर्वीची: छान. गार.
खाली मी मराठीत लिहिलं: पाय दुखतात. बरं वाटलं.
आयरिसनं वाकून पाहिलं.
दोन दिवसांत पहिल्यांदा बोलली:
"ही वरची रेघ आधी काढता की शेवटी?"
"शेवटी," मी म्हटलं. "शब्द उभा राहिला, की छप्पर."
ती बराच वेळ तुळयांकडे बघत राहिली.

सहाव्याच्या वाटेवर, चांगले तीन मैल आल्यावर
रुमालासाठी खिशात हात घातला,
हाताला ती लागली. गारच होती अजून.
कुणी काही बोललं नाही,
म्हणजे सगळेच माझ्याकडे बघत होते.
"पोस्टानं पाठवू," डेस्मंड म्हणाला.
मी वळले.

एकटीनं तीन मैल उलटे.
येताना डावीकडे होता तो ओढा आता उजवीकडे,
आणि त्यालाही आवाज होता, हे येताना कळलंच नव्हतं.
वाटेत सारखं वाटत होतं, आत्ता कुणी तरी आलं असेल,
दमून, बाटलीतलं पाणी संपलेलं,
बंद दारापाशी उभं असेल माझ्यामुळे.
लंगडत धावले मी. खरंच धावले.

मिसेस थर्टल हसल्या.
"अगं, ते कुलूप माझ्या सासऱ्यांच्या वेळी मोडलं.
दार नुसतं ढकललं तरी उघडतं.
पण माणसं इतकी लांबून चालत येतात,
हातात काही तरी द्यायला नको?"

किल्ली खुंटीला अडकवली. अजून थोडी हलत होती.
फिरली होती ती. माझ्या मनगटाला माहीत आहे.

त्यांनी टाचेला पट्टी दिली, चहा दिला.
सहाव्याकडे निघाले तेव्हा वाट त्या दारावरूनच होती.
ढकलून पाहिलं नाही.