सहा आवाज

"गाढवावर बसवून धिंड काढतात माणसाची,"
आप्पा म्हणाले, आणि दगडावर बसून राहिले.
"गाढव नाही हो चाचा, खेचर आहे," रहमतुल्ला म्हणाला,
"असल्फ्याच्या टेकडीवर रोज रेतीच्या गोण्या चढवते.
तुम्ही तर दीड गोणी."

मग हसले. मग बसले.
नवा गुडघा आधी, जुना मागून.
त्यांची मैना. माझ्या खेचराला
रहमतुल्लानं अजून नाव ठेवलं नव्हतं.

चांदिवलीच्या खदानीला आता पत्र्याचं कुंपण आहे,
पत्र्यावर तलावाकाठी न्याहारी करणारं गुलाबी कुटुंब,
आणि कोपऱ्यात, बाईच्या बशीपाशी,
पत्रा वाकवून केलेली
एका खेचराएवढी फट.

"लगाम ओढू नका. ती कडेकडेनंच चालणार.
रोज गोण्या असतात ना, भिंतीला घासतात,
म्हणून तिला बाहेरची सवय."
माझा डावा पाय साठ फूट हवेवर लोंबत होता.

लहानपणी मी ही खदान फक्त वरून पाहिली.
दोरीला डबा बांधून सोडायचा,
खाली एक मुंगी तो सोडवून घ्यायची,
दोरीला दोन झटके द्यायची: पोचला.
उतरू दिलं नाही कधी.
खाली काय आहे, विचारलं की म्हणायचे,
"खाली तुझी फी आहे."

आज बेचाळिसाव्या वर्षी मी उतरतेय
त्यांच्यामागून. दिसते ती पाठच,
इस्त्रीचा सदरा, आणि मैनेच्या पावलागणिक
इकडे एकदा, तिकडे एकदा कलणारी मान.
खुरांखालची खडी सुटते.
पडल्याचा आवाज उशिरा येतो.

अर्ध्यावर म्हणाले, थांबव.

भिंतीत उभ्या पन्हळी होत्या हातभर अंतरावर,
ओल्या चिखलात कुणी बोटं ओढावीत तशा,
पण काळ्या दगडात.
"हे भीमण्णाचं. हे गुंडप्पाचं, तिरकं,
त्याचा हात असाच उतरायचा.
हे माझं."
बँकेत अंगठा देताना दुसरीकडे बघणारा
माझा बाप
ओळीनं वाचत होता, बोट ठेवून,
अडखळला नाही कुठे.

"सात भोकं मारायची. सात वाती.
पेटवून पळायचं त्या वळणामागे, आणि मोजायचं.
सात झाले की शिट्टी.
एकदा सहाच झाले."

मैनेनं एक कान मागे घेतला.

"मुकादम म्हणाला, दोन एकदम उडाले असतील.
गुंडप्पानं मान डोलावली. मीपण डोलावली.
जेवायची वेळ होती. वरून डबा येत होता."

"मग? गुंडप्पा?"
"त्याला काय धाड भरली? गावी गेला, म्हातारा होऊन मेला."
"मग?"
"मग काय. सातवा आत आहे अजून."
आणि तळवा भिंतीवर ठेवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

तळाशी हिरवं पाणी. दोघी खेचरं प्यायली.
रहमतुल्लानं तंबाखू मळली, आप्पांना दिली,
मी पाहिलं नाही असं केलं.
मग ते वर बघत म्हणाले,
"तिथं उभी राहायचीस तू. त्या तोंडावर.
मी हात हलवायचो, तू पण हलवायचीस."
"हो. आठवतं."
"येडे, मी सांगत होतो, मागे हो.
मागे हो, मागे हो. तू आपली हात हलवतेयस."

चढताना माझं खेचर पुढे.
मागे वळायचं नाही, रहमतुल्लानं बजावलं होतं,
वजन कलतं.
म्हणून मी ऐकत राहिले,
माझ्या खालची चार खुरं, मागची चार,
खडी, दम, पुन्हा खडी.
वळणावर एक आवाज कमी पडला
की श्वास धरायचा, आणि पुन्हा
पहिल्यापासून मोजायचं.