किल्ली देताना

इथे सही कर, तमंदानी.
किल्ली हरवली तर शंभर युरो.
हे ऐकलं की सगळ्यांचाच हात
आधी खिशाकडे जातो.

लिफ्टमध्ये कुणी बोललं नाही तर रुसलेत असं समजू नकोस.
तुर्कूत गप्प राहणं म्हणजे
दुसऱ्याला दिलेली जागा.
बँकेचं खातं तीन आठवडे तरी उघडत नाही.
तोवर बटाटे.
सध्या दिवस दुपारी चारलाच मिटतो,
तेव्हा घरी फोनवर खोटं बोलशील,
जेवलो म्हणशील.
बोल. सगळेच बोलतात.

तो बहुतेक ऐकत नव्हता.
लिलाँग्वेपासून बत्तीस तास, तीन विमानं, एक बस,
पायांत कापडी बूट, त्यांतून वितळणारा बर्फ
माझ्या पायपुसण्यावर.
म्हणाला, इर्मेलीबाई, या खोलीत माझ्याआधी कोण होतं?

अठरा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
मला रजिस्टर उघडावं लागलं नाही.
आयझिरेक. ओशची. मातीचा अभ्यास करायची
आणि रात्री एक वाजता कांदा परतायची,
मग माझ्याकडे तक्रारी.
जाताना तवा ठेवून गेली, अर्धी पिशवी मीठही.
नियमाप्रमाणे मी ते फेकायला हवं होतं.

त्याने कपाट उघडलं.
चिमूटभर जिभेवर ठेवलं, डोळे मिटले,
म्हणाला, आता मी तिचा कुणीतरी लागतो.

देणं लागतोस, मी म्हटलं.
तवा घासून ठेवत जा.