माठाचं छिद्र

गोळीबार चौकामागे हेडाऊंच्या माडीवर
दोन संगणक, एक कूलर,
आणि कूलरच्या टाकीत पाळीपाळीनं बादली ओतणारे आम्ही दोघं,
मी आणि प्रज्वल डोईफोडे.
अडीच वर्षांत एक गेम झाला.
मे महिना, दुपारचे दोन.
एक मुलगी माठ घेऊन निघते पाचपावलीहून,
गांधीसागरापर्यंत जायचं, वाटेत तहानलेल्यांना पाजत.
बस, एवढंच. शत्रू म्हणून फक्त ऊन.
किंमत दोनशे एकोणपन्नास.

कुलूप प्रज्वलनं बसवलं. साधं नाही, खोडसाळ.
प्रत चोरीची असली तरी गेम सुरू होणार,
रंग दिसणार, सावल्या हलणार,
फक्त माठाच्या बुडाशी केसाएवढं छिद्र.
चोर चालत राहील आणि पाणी पोचणार नाही.
काय हसलो त्या रात्री!
पहाटे पोह्यांवर दोनदा तर्री मागून घेतली.

तिसऱ्या दिवशी बर्डीवर
आमचा गेम तीस रुपयांत, पेनड्राइव्ह तुमचा.
पाचव्या दिवशी छिद्रही बुजलेलं.
कुठेतरी कुणीतरी
आमच्याहूनही कमी झोपत होतं.

आठव्या दिवशी उमरेडहून फोन.
"मी कुमुद बारापात्रे. पोस्टातून रिटायर झाले.
पैसे भरले आहेत, पावती आहे माझ्याजवळ.
पण माझ्या माठात पाणीच नाही राहत हो.
माझंच काही चुकते का?"

उमरेडला नेट जातं.
नेट गेलं की आमचं कुलूप घाबरतं,
आणि घाबरलेल्या कुलपाला
समोरचा प्रत्येक जण चोर दिसतो.
चार दिवस ती बाई माठ भरत होती,
चार दिवस स्वतःलाच दोष देत होती.
पावती जपून.

मी बर्डीवर गेले. भांडायलाच गेले होते.
जिन्याखालच्या दुकानातल्या पोरानं
मला ओळखलं नाही, कशाला ओळखेल?
म्हणाला, "ताई, हा घ्या.
कंपनीचावाला गळते. माझावाला गळत नाही."
मी तीस रुपये दिले.
अडीच वर्षांवर वरून तीस.

त्याच जिन्याखाली, मी नववीत असताना,
दहा रुपये रोजानं सीडी मिळायच्या.
एकही अस्सल नव्हती.
हे मी प्रज्वलला अजून सांगितलेलं नाही.

पण नक्कल झाली की दुखत नाही, असं मला कुणी सांगू नये.
बाबांनी मागावर काढलेली करवतकाठी किनार
पंधरा दिवसांत यंत्रावर उतरली, निम्म्या भावात.
त्या रात्री ते जेवले नाहीत.
सकाळी मात्र मागावर बसले,
आणि पुढच्या लुगड्यात
कच्चा धागा घातला नाही त्यांनी,
की चोरानं नेलं तर चोराच्या घरी फाटेल.
नेसणारीला काय माहीत, तिचं कुठून आलं?

कुलूप काढलं.
प्रज्वल दोन दिवस बोलला नाही.
तिसऱ्या दिवशी त्यानंच शेवटच्या पडद्यावर लिहिलं,
पाणी पोचल्यानंतर, तळ्याकाठी, लहान अक्षरात:
'आवडलं आणि जमत असेल तर दोनशे एकोणपन्नास.
नसेल जमत, तर पुढच्या मे महिन्यात बघू.'
मी त्यातलं 'बघू' खोडायला गेले.
त्यानं खोडू दिलं नाही.

काहींनी भरले. पुष्कळांनी नाही.
एकानं एक्कावन्न पाठवले, आहेर दिल्यासारखे.
जूनचं भाडं प्रज्वलच्या मेव्हण्याकडून उसनं घेतलं,
तेव्हा ही काही जिंकल्याची गोष्ट नाही.
बर्डीवरच्या पोराचा धंदा
कमी झाला का, विचारायला गेले नाही.

काल कुमुदबाईंचा निरोप आला:
'पोचले गांधीसागरापर्यंत.
सगळ्यांना पाजून
माठात तीन बोटं उरलं.
त्याचं काय करू?'

काय सांगावं, आम्ही विचारच केला नव्हता.
उरेल असं धरलंच नव्हतं कुठे.
कूलर कोरडा खडखडतोय.
पाळी माझी आहे,
पण बादली घेऊन प्रज्वल उठलाय.