मस्कादे, शिंगाडे

जूनमध्ये सारस मोजायला आलेली सोलांजबाई
जाताना बाबांच्या डोंग्यात एक बाटली ठेवून गेली.
हिरवट काच, लेबलावर गलबत,
आणि माझ्या नावानं चिठ्ठी:
ही मस्कादे. आमची नदी समुद्राला मिळते तिथली.
पांढरी, गोडवा अजिबात नसलेली.
थंड करून घ्या, शिंपल्यांसोबत, झिंग्यांसोबत,
तळलेल्या बारक्या मासोळीसोबत,
बकरीच्या चीजसोबतही चालते.
हिवाळाभर ती आपल्याच गाळावर निजून असते.

मी वाचून दाखवलं.
गोड नाही, यावर बाबा काही बोलले नाहीत.
गाळापाशी थांबले.
"ढवरला नाई त पानी निवळच रायते,"
आणि जरा वेळानं,
"म्हंजे तिकडचे ढिवर पेतेत हे."

मोहाची असती तर आखाडीही पाहिली नसती तिनं.
ही मात्र चिन्नोरच्या ढोलीत धानाखाली राहिली
थेट मंडईपर्यंत.
गावात फ्रीज एकच, दवाखान्यातला, लसींचा.
बाबांनी बाटलीच्या गळ्याला जाळ्याची दोरी बांधली
आणि पहाटे तिला तलावात सोडलं,
पाळीजवळ, जिथं तळाला खडक आहे
आणि पाणी कार्तिकात हाडं दुखवतं.

बूच निघेना.
जाळं विणायच्या बांबूच्या सुईनं आतच ढकललं.
स्टीलचे चार पेले : बाबा, आई, फगनकाका, मी.
कच्च्या बोराचा आंबटपणा,
पाण्यातून नुकत्याच काढलेल्या दगडाचा वास,
आणि शेवटी मीठ,
म्हणजे मीठ नव्हेच, मिठाची चाहूल.

आईनं मरळीचा रस्सा केला होता,
भिवापुरी मिरची, भाजलेले धने, अख्खा लसूण.
पहिल्या घासाबरोबर बाटली मुकी झाली.
"पानी घातलं का जी बाईनं?" फगनकाका म्हणाला.
आईनं पेला सरकवला,
जशी बाजारात भाव पाडणाऱ्यापुढून टोपली सरकवते.

मग पोरांसाठी निखाऱ्यावर टाकलेले शिंपले उघडले,
नुसतं मीठ लावून.
एक घोट घेतला तर कोणीतरी
खोलीत दिवा आणून ठेवल्यासारखं झालं.
झिंगे खरपूस तळले होते, तेही जमले.
पण चिठ्ठीत नसलेली गोष्ट चुलीवरच होती :
काळ्या गंजात उकडलेले शिंगाडे.
बाबांनी विळ्यानं एक सोलला,
पिठूळ, कोमट, चिखलाची किंचित आठवण ठेवलेला,
खाल्ला,
पेला तोंडाला लावला
आणि बराच वेळ तलावाकडे पाहत बसले.
दुसरा सोलला. तिसरा.
बोटं काळी झाली, पेल्यावर ठसे उमटले.
"एकाच पान्यातले वाटतेत हे दोघं," म्हणाले.

रात्री कंदिलाजवळ मी उत्तर लिहायला बसले.
बाबा सांगत गेले : शिंपल्याचं बरोबर.
झिंग्याचं बरोबर.
चीजचं माहीत नाही, फगनच्या बकरीचं दूध
तिच्या पिलालाच पुरत नाही.
शिंगाडा राहिला होता, तो जोडून घ्या,
ताजा, कार्तिकातला, दोन दिवसांचा नको.

"आणि रस्सा?" मी विचारलं.
आई भांडं खरवडत होती. मान वर केली नाही.
"रश्श्याचं नोको लिवू.
लिव, का पुढच्या खेपेले
बाटली घरी ठेवजो, आन् जेवाले ये."