दोरीवरचं कातडं

गच्चीवर, सावलीच्या बाजूनं,
माझा वेटसूट वाळत घातला आहे.
पलीकडून हेडाऊ काकू कुरड्यांवरून मान वर करतात,
"हे काय वं, कोणाचं कातडं सोलून आणलं?"
माझंच, म्हटलं.
"एकटीच गेल्ती?"
हो.
"समुद्रात?"
समुद्रातच. आठ दिवस बोटीवरच राहिली.
त्यांनी कावळा हाकलला
आणि विषय तिथंच ठेवला, उन्हात.

रामबागेतून कोणत्याही दिशेनं निघा,
समुद्र यायला एक रात्र आणि बरीचशी सकाळ लागते.
तरणतलावात शिकली मी,
पोट्ट्यांची बॅच सुटल्यावर,
क्लोरीनच्या हिरव्या पाण्यात
तळाच्या फरशा मोजत.

मेडिकलच्या ओटीत सव्वीस वर्षं
दुसऱ्यांचे श्वास पाहिले.
सिलिंडरची चावी, नळी, मास्क,
काळ्या फुग्याचं फुगणं, बसणं.
दहापासून उलटं मोजा, म्हणायची.
सातच्या खाली फारसं कोणी गेलं नाही.
त्या सगळ्या काळात माझा स्वतःचा श्वास
कुठं ठेवला होता, आठवत नाही.
घराच्या दुसऱ्या किल्लीसारखा.
असेल कुठंतरी.

फॉर्मवर रकाना होता: सोबत कोण?
मी रेघ ओढली.
त्या रेघेवर त्यांनी एलिफला आणून बसवलं,
इझ्मीरची, दातांची डॉक्टर,
खालच्या डेकवर माझ्या शेजारचा पलंग.
उडीआधी ती माझे पट्टे ओढून बघायची, मी तिचे.
जिचं आडनाव मला शेवटपर्यंत म्हणता आलं नाही
तिच्या राखीव नळीतून
रोज चारदा दोन-दोन श्वास घेतले.

पहिल्या दिवशी कासव दिसलं.
मी आनंदानं अंगठा दाखवला.
पाण्याखाली अंगठा म्हणजे झकास नाही,
अंगठा म्हणजे वर चल.
एलिफ मला इमानदारीनं वर घेऊन आली.
कासव खालीच राहिलं.

मग हळूहळू जमलं.
बावीस मीटरवर लाल रंग संपतो,
माझं लाल घड्याळ तिथं राखेसारखं दिसायचं.
आवाज एकच:
आत ओढलेला, बाहेर सोडलेला,
आणि या वेळी तो माझा होता.
कोणी शुद्धीवर यायची वाट बघायची नव्हती.

वर येताना पाच मीटरवर
तीन मिनिटं थांबायचं असतं,
रक्ताला वेळ द्यायचा.
तिथं लोंबकळत, गंमत म्हणून,
मी दहापासून उलटं मोजलं.
सात.
सहा.
एकावर आली, तरी जागीच होती.

रात्री जनरेटर घरघरायचा.
बाकीचे कानात बोळे घालून झोपायचे.
मला तो मे महिन्यातला कूलर वाटायचा,
फक्त वाळ्याचा वास तेवढा नव्हता.
बोटीवर सगळ्यात गाढ मीच झोपली.

शेवटचा दिवस कोरडा.
विरघळलेला नायट्रोजन निघून जाईपर्यंत
विमानात बसायचं नसतं.
एलिफनं मीठभरल्या केसांची वेणी घालून दिली,
न विचारता.
फोन नंबर घेतले. फोन करू असं नाही.

आता मेडिकल चौक, सकाळचे साडेसात,
आणि हवा आत्ताच तापलेली.
हातात तर्री-पोह्यांची प्लेट,
आणि जमीन अशी
डावीकडून वर येते,
थांबते,
उजवीकडे उतरते.
तीन दिवस झाले.
"दादा, आत्ता हललं का काही?"
"काय हालते मॅडम? नागपूर हाय हे."

बरोबर आहे.
मी अंगठा नाही दाखवला.
तर्जनी आणि अंगठा जुळवून गोल केला:
ठीक आहे, माझी हवा पुरेशी आहे.
त्याला वाटलं, अजून एक प्लेट.
घेतली.